तुम्ही व्हा पुढे

चारचौघांनी मिळून वाट चालायची असली म्हणजे ती कोणाच्या चालीने चालावी? जो सर्वांत पुढे असतो त्याच्या, जो सर्वांत मागे असतो त्याच्या, की मधल्या बहुसंख्यांच्या? प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु घर, वर्ग, मंडळी आणि देश ही सारी शेवटी एकत्र चालणारी माणसेच असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आपण कसे देतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आम्हांला हा प्रश्न पुस्तकात भेटला नाही. तो गोव्यातील पेडणे तालुक्यात, एका उजाड सड्यावर भेटला. आणि त्या दिवशी त्याचे उत्तर आम्ही चुकीचे दिले. ती हकिकत आम्हांला भूषणावह नाही. तरी शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तिचा काही उपयोग होईल, म्हणून ती येथे सांगत आहोत.

त्या जुन्या गोष्टीची आठवण होण्यास एक निमित्त घडले. आमचे एक स्नेही परदेशी असलेल्या मुलाकडे जाऊन आले. तेथे असताना त्यांनी आल्प्सच्या चुनखडीच्या उंच डोंगरांतून एक दिवसाची अवघड पायपीट केली. ते सांगत होते की, त्या पांढऱ्या दगडावर पाणी म्हणून टिकत नाही. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी भेगांतून थेट पोटात उतरते आणि पुष्कळ खाली कोठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वरून चालणाऱ्याने आपले पाणी आपल्या पाठीवरच न्यायचे. पण त्यांना सर्वांत नवल वाटले ते वाटेवरील पिवळ्या पाट्यांचे. स्वित्झर्लंडमध्ये या पाट्यांवर पुढील ठिकाण किती किलोमीटर आहे हे लिहीत नाहीत. तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल हे लिहितात. सपाटीवर ताशी सुमारे ४.२ किलोमीटर चालणारा माणूस धरून, त्यात चढउताराचा हिशेब मिळवून तो वेळ काढलेला असतो. मात्र त्यात विसाव्याचा वेळ धरलेला नसतो.

स्नेह्यांना त्या पाटीवरच्या वेळेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेळ लागला. “पाटी खोटी नव्हती,” ते हसून म्हणाले, “फक्त ती माझ्या पायांसाठी लिहिलेली नव्हती.” त्यांचे हे बोलणे ऐकले आणि आम्हांला आमचा तो जुना कागद आठवला.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत आमच्या मंडळीतील तरुण संघ, शब्बाथशाळेतील मोठी मुले आणि काही शिक्षक असे आम्ही एकोणीस जण घाटावरून गोव्यात उतरलो होतो. डिचोलीत आमच्या एका सभासदांचे बिऱ्हाड होते, तेथे मुक्काम. पहिल्या दिवशी आम्ही डिचोली तालुक्यातीलच हरवळ्याचा धबधबा पाहिला आणि तेथून जवळच असलेली जुनी लेणी पाहिली. ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. मुलांनी विचारले की, एवढा भोकाभोकांचा, मऊ दिसणारा दगड इतकी शतके टिकला कसा? जांभ्याचा गुणच तसा आहे. हजारो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील विरघळणारे अंश धुऊन नेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांचे अंश मागे राहिले, त्यांचा हा तांबडा दगड झाला. जमिनीत असतो तोवर तो कुऱ्हाडीसारख्या हत्यारानेही तासता येतो. हवा लागली की टणक होत जातो. गोव्याकोकणातील निम्मी घरे या चिऱ्यांचीच आहेत. आणि आल्प्सच्या चुनखडीप्रमाणेच हाही दगड वरचे पाणी वर ठेवीत नाही. पावसाळ्यात सड्यावर जागोजागी पाणी साचून हिरवळ माजते. पण नाताळ येईतो सडा कोरडा ठणठणीत होतो. मुरलेले पाणी पायथ्याशी झरीवाटे बाहेर येते आणि तेथे माडापोफळीची कुळागरे पोसते. माथ्यावर मात्र घोटभर पाणी मिळेल तर शपथ.

दुसऱ्या दिवसाचा बेत मोठा होता. नदीपलीकडे पेडणे तालुक्यात हळर्णचा किल्ला आहे. सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातून तो १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. तेथून निघायचे, चांदेल व कासारवर्णे या गावांच्या बाजूने मोपाच्या सड्यावर चढायचे, सडा आडवा ओलांडून तोरशाकडे उतरायचे आणि पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी दिवस संपवायचा. वळणे धरून पंधराएक किलोमीटर. उंची म्हणाल तर आल्प्सपुढे ती सांगायलाही लाज वाटावी. मोपाचा सडा समुद्रसपाटीपासून दीडशे-पावणेदोनशे मीटरच भरेल. परंतु ज्याने दुपारच्या उन्हात जांभ्याचा सडा ओलांडला आहे, तो उंचीवरून वाटेची परीक्षा करणार नाही. पायांखाली धारदार कातळ, मधूनमधून कमरेपर्यंत कुसळी गवत, करवंदीच्या जाळ्या, सावलीला मैल मैल झाड नाही, आणि गुरांच्या वाटा चहूंकडे फुटलेल्या, त्यांतली आपली कोणती हे कळायला खूण नाही.

आदल्या रात्री कंदिलाभोवती बसून आम्ही कागदावर वेळा लिहिल्या. संघातील दोन तरुण कॉलेजात धावण्याच्या शर्यतीत भाग घेणारे होते. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि आम्ही तो उतरवून घेतला. हळर्ण सात वाजता, कासारवर्णे साडेनऊ, सड्याचा माथा अकरा, पत्रादेवी चार. कागद नीटनेटका झाला. पुढे कितीदा तरी तो आम्ही मनाशी वाचला आहे. त्या कागदावर विसावा कोठेही लिहिलेला नव्हता.

आमच्यात एक बाई होत्या. साठीच्या जवळ आलेल्या, शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग तीस वर्षे चालविलेल्या. मंडळीतील निम्म्या तरुणांना पहिली गीते त्यांनीच शिकविलेली. गुडघे धरत असत, पण मुलांबरोबर जायचे म्हणून त्या हौसेने आल्या होत्या. आदल्या रात्रीच्या चर्चेत त्या बसल्या होत्या; परंतु “बाई, तुम्हांला हे झेपेल का?” असे त्यांना कोणी विचारले नाही. आम्हीही नाही. विचारले असते तर त्यांनी हो म्हटले असते, अशी सबब आम्ही नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितली. पण न विचारण्याचे खरे कारण ते नव्हते. उत्तर नाही आले असते तर आमचा कागद बदलावा लागला असता, हे खरे कारण होते.

सकाळ उत्तम गेली. नदीवर धुके होते. काजूच्या बागांतून वाट चढत होती. चढ सुरू झाला तसे तरुण पुढे गेले, मुले त्यांच्यामागे, आणि बाई हळूहळू शेवटी पडल्या. पुढचे लोक निर्दय नव्हते. एखादे झाड दिसले की ते थांबत, बसत, पाणी पीत, गाणे म्हणत. दहाएक मिनिटांनी बाई येऊन पोहोचत. त्या आल्या की कोणीतरी आनंदाने म्हणे, “आल्या बाई! चला.” आणि सगळे उठत. असे पाच वेळा झाले. आम्ही मनात म्हणत होतो की, आपली मंडळी किती समजूतदार, दर वेळी मागच्यांसाठी थांबतात.

वाचकहो, या पाच थांब्यांचा हिशेब करून पाहा. पुढच्यांना प्रत्येकी दहा मिनिटांप्रमाणे पन्नास मिनिटे विसावा मिळाला. बाईंना किती मिळाला? एक मिनिटही नाही. ज्यांना विसाव्याची गरज सर्वांत कमी ते ताजेतवाने होऊन उठत होते आणि जिला ती सर्वांत जास्त ती न टेकताच पुन्हा चालू लागत होती. आम्ही थांबत होतो. परंतु ज्यांच्यासाठी थांबत होतो त्यांना आमच्या थांबण्यातून काहीच मिळत नव्हते. मिळत असेलच तर एक गोष्ट मिळत होती. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होतो आहे, याची जाणीव. ती मात्र दर झाडाखाली थोडी थोडी वाढत होती.

माथ्यावर जेवणे झाली. निघताना बाई म्हणाल्या, “तुम्ही व्हा पुढं. मी येते मागनं सावकाश.” अकरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याजवळ रेंगाळत होता. आम्ही क्षणभर घुटमळलो. मग वाट सरळ आहे, दिवस पुष्कळ आहे, दोघे आहेत, असे म्हणून पुढे झालो. पाण्याचा मोठा कॅन तरुणांच्या खांद्यावर होता, तो त्यांच्याबरोबर पुढे गेला. बाईंच्या पिशवीत एक लहान बाटली होती. तिच्यात पाणी किती आहे हे आम्ही पाहिले नाही.

बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी आम्ही पत्रादेवीला पोहोचलो. कागदाच्या मानाने फक्त दहा मिनिटे उशीर! तरुणांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मग आम्ही मुलांना स्मारकासमोर बसवून त्या जागेची गोष्ट सांगू लागलो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही या सरहद्दीवरून गोव्यात शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय तिरंगा हाती घेऊन चालत असता त्यांना गोळी लागली. तेव्हा पंजाबचा तरुण कर्नैलसिंग पुढे झाला, आणि छातीवर गोळी लागून त्याने प्राण दिले. गोवा मुक्त झाला तो पुढे सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी.

गोष्ट सांगत असतानाच आमच्या मनात पाल चुकचुकली. पाच वाजले. बाईंचा पत्ता नव्हता. मोबाइल तेव्हा आमच्यापैकी दोघांकडेच होते आणि सड्यावर त्यांचा काही उपयोग नव्हता. बाईंकडे तर तो नव्हताच. मुलांना दोन शिक्षकांच्या हवाली करून आम्ही पाच जण उलट निघालो. डिसेंबरातला दिवस, सहा वाजून गेले की सूर्य खाली. सड्याच्या उतारावर आम्ही हाका मारीत चढत होतो. त्या अर्ध्या-पाऊण तासात जे जे मनात येऊन गेले ते येथे लिहीत नाही. ज्याच्यावर कधी दुसऱ्याच्या लेकराची जबाबदारी होती तो ते जाणेल.

अंधार पडता पडता गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. आधी गाई आल्या. त्यांच्यामागे खांद्यावर काठी टाकलेला एक वृद्ध धनगर, आणि त्याच्यामागे बाई व तो मुलगा. गुरांच्या वाटेने ती दोघे भलतीकडे गेली होती. पाणी संपले होते. त्या म्हाताऱ्याने त्यांना आपल्या झोपडीपाशी बसवून ताक दिले, बाईंचे गुडघे जरा हलके होईतो बसू दिले, आणि गुरे घराकडे वळविण्याची वेळ मोडून त्यांना उताराच्या वाटेला लावायला तो आला होता. त्याच्या गाई जशा चालत तसा तो चालत होता, आणि तो जसा चालत होता तशा बाई चालत होत्या. आम्ही त्याला पैसे देऊ केले, त्याने ते घेतले नाहीत.

बाई आम्हांला काय म्हणाल्या? त्या रागावल्या असत्या तर फार बरे झाले असते. त्या म्हणाल्या, “फार उशीर झाला का हो माझ्यामुळं?”

त्या रात्री टेम्पोतून डिचोलीला परत येताना आम्ही त्या मुलाला हळूच विचारले, “तू बाईंबरोबर का थांबलास?” आमची अपेक्षा, काहीतरी थोर उत्तर येईल. तो म्हणाला, “माझा बूट चावत होता.” म्हणजे आमच्या एकोणीस जणांत मागे पडलेला एक नव्हता, दोन होते. दुसऱ्याचे तर आमच्या ध्यानातही आले नव्हते, कारण त्याने “तुम्ही व्हा पुढे” एवढेही म्हटले नव्हते.

आता या हकिकतीचा विचार करू.

पहिली गोष्ट त्या वाक्याची. “तुम्ही व्हा पुढे” हे वाक्य आपल्या घराघरांत दररोज बोलले जाते. पंगतीत आई म्हणते, तुम्ही बसा, मी मागून बसते. आजोबा म्हणतात, तुम्ही जाऊन या, मी घर राखतो. वर्गातला मुलगा विचारले असता मान हलवून सांगतो, समजले. यांतील प्रत्येक वाक्य खरे असू शकते, आणि प्रत्येक वाक्य संकोचाने बोललेलेही असू शकते. बोलणाऱ्याचा चांगुलपणा आपण परवानगी म्हणून स्वीकारतो, कारण ती परवानगी आपल्याला हवी असते. बाईंचे शब्द आम्ही ऐकले. त्या म्हणत असताना त्यांचा हात गुडघ्यावर होता, हे पाहूनही पाहिले नाही. दुर्बळाने दिलेली मोकळीक घ्यावी की न घ्यावी हे शब्दांवरून ठरविता येत नाही. आपण तेथे नसतो तर त्याने काय मागितले असते, असे स्वतःला विचारल्यावाचून ते कळत नाही.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कोणी म्हणेल, मग सशक्तांनी आपले बळ कधी वापरूच नये काय? ज्या तरुणाच्या अंगी धावण्याची शक्ती देवाने दिली आहे त्याने जन्मभर रांगत चालावे काय? आमचे म्हणणे तसे नाही. सबळाचे बळ हा त्याचा अपराध नव्हे. त्याने पुढे धावावे, पाणी कोठे आहे ते पाहावे, आणि भरलेली बाटली घेऊन मागे यावे. दोघांचे ओझे एकट्याने घ्यावे. त्या दिवशी आमचे दोन धावपटू सड्यावर चार वेळा पुढेमागे करू शकले असते, आणि तरीही आमच्याआधी पोहोचले असते. त्यांच्या पायांत बळ भरपूर होते. त्याचे काय करायचे हे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगणे आमचे काम होते.

कर्नैलसिंगाचे उदाहरणही येथेच आठवते. तोही पुढे झाला. बाई पडली तेथे तो पुढे झाला, गोळी ज्या जागी येत होती त्या जागी. आम्हीही त्याच जागी पुढे जाऊन बसलो होतो, पण घड्याळ पाहण्यासाठी. पुढे जाण्यात दोष नाही आणि मागे राहण्यात पुण्य नाही. पुढे जाणारा कोणासाठी पुढे गेला, एवढेच विचारायचे असते. त्याच्या स्मारकापाशी बसून त्याची गोष्ट मुलांना सांगत असताना आमच्याच एक बाई पाण्यावाचून सड्यावर भटकत होत्या, याची आठवण आजही आम्हांला खाली पाहावयास लावते.

तिसरी गोष्ट. कधी कधी थांबणे खरोखरच शक्य नसते. अंधार पडतो, हवा बिघडते, सगळ्यांच्याच जिवाला धोका होतो. तेव्हा काय करावे? आल्प्समधील एक घटना येथे सांगण्यासारखी आहे. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न या शिखरावर माणसाचे पाऊल प्रथमच पडले. एडवर्ड व्हिम्पर याच्या तुकडीत सात माणसे होती. पलीकडच्या बाजूने इटालियन तुकडी निघाली आहे असे समजल्यामुळे घाई होती. या सातांत हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा अननुभवी तरुण होता. तो येण्याजोगा आहे का, असे व्हिम्परने विचारले होते, आणि आहे असे उत्तर मिळाल्यावर तो विषय तेथेच संपला. शर्यत जिंकली. उतरताना हॅडोचे पाय ठरेनात, म्हणून क्रोझ हा कसलेला वाटाड्या आपली कुऱ्हाड बाजूला ठेवून त्याचे एकेक पाऊल हाताने कातळावर टेकवीत होता. तेवढ्यात हॅडो घसरला, क्रोझवर आदळला, आणि दोरीने बांधलेले आणखी दोघे त्यांच्याबरोबर ओढले गेले. पुढे दोरी तुटली. चौघे मेले, तिघे वाचले.

या घटनेत क्रोझचा काय दोष होता? काहीच नाही. तो तर सर्वांत दुर्बळ माणसाचे पाऊल आपल्या हातांनी टेकवीत होता. हॅडोचा तरी काय दोष? जेथे त्याला नेऊ नये तेथे त्याला नेले होते. चूक डोंगरावर झाली नव्हती; ती निघण्यापूर्वी, खाली सपाटीवर, एका घाईघाईच्या प्रश्नोत्तरात झाली होती. आमचीही चूक सड्यावर झाली नाही. ती आदल्या रात्री कंदिलाच्या उजेडात झाली, तो कागद लिहिताना. वाट कोणाच्या चालीने चालायची हे वाटेवर ठरवू गेले तर फार उशीर झालेला असतो. ते बेत करतानाच ठरवावे लागते, आणि बेत करताना ज्याची चाल सर्वांत मंद त्याला जवळ बसवून विचारावे लागते. त्यानेही मग भीड न धरता खरे सांगावे. मागे पडणाऱ्याचेही एवढे कर्तव्य आहे.

पवित्र शास्त्रात उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात याकोब व एसाव यांची पुनर्भेट आहे. तीत आमच्या विषयाला लागू पडणारा एक लहानसा प्रसंग आहे, आणि तो आपण सहसा भराभर वाचून पुढे जातो. एसाव आपल्या चारशे माणसांसह आलेला. तो म्हणतो, चला, बरोबर जाऊ. याकोब नम्रपणे नकार देतो. माझी लेकरे कोवळी आहेत, माझ्या कळपात दूध पाजणाऱ्या माद्या आहेत, त्यांना एका दिवसात अति हाकले तर ती मरतील. तुम्ही पुढे व्हा, मी या गुरांच्या व लेकरांच्या चालीने हळूहळू येतो, असे त्याचे सांगणे आहे. येथेही “तुम्ही व्हा पुढे” हेच म्हणणे आहे. पण ते मागे पडलेल्याने म्हटलेले नाही. ते म्हणणारा त्या काफिल्याचा धनी आहे, आणि तो स्वतः लेकरांच्या जवळ राहिला आहे. आणखी एक गोष्ट. आदल्याच रात्रीच्या झोंबीने याकोबाची जांघ उखळून तो लंगडत होता. स्वतःच्या लंगडण्याचा तो उल्लेखही करीत नाही. परंतु लेकरांची चाल ज्याला इतकी नेमकी ठाऊक होती, त्याला ती कदाचित त्याच्या दुखऱ्या पायानेच शिकविली असेल.

मोपाच्या सड्यावर आता आम्ही चाललो ती वाट उरलेली नाही. तेथे विमानतळ झाला आहे. ५ जानेवारी २०२३ पासून त्यावरून प्रवासी विमाने ये-जा करतात. आम्हांला जो सडा ओलांडायला एक दिवस लागला आणि जो आम्हांला नीट ओलांडता आला नाही, तो विमान काही क्षणांत मागे टाकते. विमानतळामुळे कित्येकांची सोय झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. आम्हीही उद्या त्यातून प्रवास करू. पण त्याच सड्यावरील काही धनगर कुटुंबांना विमानतळासाठी आपली घरे व चराऊ रान सोडून दुसरीकडे जावे लागले. ज्या म्हाताऱ्याने आमच्या बाईंना ताक दिले, त्याच्या घरच्यांचे काय झाले ते आम्हांला कळले नाही. तेव्हा मनात येते की, एवढा मोठा देश पुढे निघाला असता “तुम्ही व्हा पुढे” असे कोण कोण म्हणाले असेल, आणि कोणाला तर ते म्हणण्याचीही संधी मिळाली नसेल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. आपल्या वर्गात रोज ही सहल निघत असते. वचन पाठ करायला सांगितले की चार मुले चटकन म्हणून दाखवितात आणि मग खेळत बसतात. एक मूल अडखळत अडखळत शेवटच्या ओळीपर्यंत येते, आणि ते आले की आपण आनंदाने म्हणतो, “आले का? चला, आता पुढचा धडा.” त्या मुलाला आपण जे शिकलो ते एकदा मनाशी घोळवून पाहण्याचा विसावा कधीच मिळत नाही. वर्षाच्या अखेरीस ते मूल मंद आहे असा शेरा आपण लिहितो. त्याऐवजी ते पोहोचल्यावर दोन मिनिटे सारा वर्गच त्याच्याबरोबर बसला, तेच वचन सर्वांनी त्याच्या चालीने पुन्हा म्हटले, तर पुढच्या चौघांचे काय बिघडणार आहे? त्यांचेही वचन पक्के होईल.

त्या सहलीनंतरच्या वर्षी पुन्हा यादी फिरली तेव्हा बाईंनी नाव दिले नाही. आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, “वाट चुकले त्याचं काही वाटलं नाही हो. पण माझ्यापायी पोरांचा खोळंबा नको.” त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच त्यांना विचारले की, बाई, तुम्हांला किती चालवते? त्यांनी थोडा विचार करून सांगितले, एक मैल, आणि मध्ये बसायला मिळाले तर दोन. आम्ही त्याप्रमाणे बेत केला. डिचोली तालुक्यातील मयें येथील तळ्याकाठी सहल न्यायची, आणि कागदावर आधी विसावे लिहायचे, मग वेळा.

तळ्याच्या वाटेवर मुले नेहमीप्रमाणे पुढे धावली आणि एका झाडाखाली जाऊन बसली. बाई मागून आल्या. कोणी उठले नाही. त्या उभ्याच राहिल्या आणि इकडेतिकडे पाहत म्हणाल्या, “निघायचं नाही का?” तो बूट चावणारा मुलगा आता वर्षाने मोठा झाला होता. तो सरकला, शेजारची जागा हाताने झाडून साफ केली आणि म्हणाला, “तुम्ही बसा आधी.” बाई बसल्या. चपला काढून त्यांनी पाय लांब केले. आम्ही घड्याळ खिशात ठेवले.